पंक्चरचे चाक आणि परतीची वाट

इंदूरच्या रामबागेतून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्या स्वतः एके काळी शाळेत गणित शिकवीत असत. आता त्यांची नात अकरावीत विज्ञान शिकते. पत्रातील मजकूर थोडक्यात असा. चाचणी परीक्षेत नातीला प्रश्न आला होता. उष्णता आत-बाहेर जाणार नाही अशा पात्राच्या एका कप्प्यात एक मोल आदर्श वायू आहे, दुसरा कप्पा पूर्ण रिकामा आहे. मधली झडप उघडताच वायू दुप्पट जागेत पसरला. तर त्याच्या एन्ट्रॉपीत किती बदल झाला? नातीने उत्तर लिहिले, शून्य. कारणही दिले. एन्ट्रॉपी म्हणजे उष्णता भागिले तापमान. येथे उष्णता शून्य, म्हणून उत्तर शून्य. शिक्षकांनी तांबडी रेघ ओढून शेजारी ५.७६ असा आकडा लिहिला, आणि पेपर परत दिला. आजीबाई लिहितात, “शून्याला कोणत्याही संख्येने भागले तर शून्यच येते, हे मी तीस वर्षे मुलांना शिकवले. मग माझ्या नातीचे चुकले कोठे, हे मला सांगता आले नाही. ती म्हणते, पुढच्या वर्षी मी हा विषयच सोडते. ज्याचे कारण कोणी सांगत नाही ते पाठ कशाला करायचे?”

प्रश्न भौतिकीचा खरा. पण एका हुशार मुलीचा विषय सुटण्याच्या बेतात आहे, तेव्हा या महिन्याचे सगळे पान तिच्यासाठीच. इतर वाचकांनी कंटाळू नये. सायकलचा पंप ज्यांनी हाताळला आहे त्यांना यातले निम्मे आधीच ठाऊक आहे.

प्रथम शब्दांविषयी दोन ओळी. आपल्याकडची मुले हा विषय हिंदीतून किंवा इंग्रजीतून शिकतात. हिंदी पुस्तकात ‘उत्क्रमणीय’ असा शब्द असतो, मराठी परिभाषेत ‘व्युत्क्रमी’ म्हणतात, आणि इंग्रजी शाळेतील मुले ‘रिव्हर्सिबल’ म्हणून मोकळी होतात. तिन्ही शब्दांचा घोटाळा एकच आहे. ऐकणाऱ्याला वाटते, जे परत फिरवता येते ते व्युत्क्रमी आणि जे परत फिरवता येत नाही ते अव्युत्क्रमी. हा अर्थ अर्धाच आहे, आणि सारी अडचण त्या उरलेल्या अर्ध्यात आहे. पसरलेला कोणताही वायू दट्ट्याने दाबून पहिल्या जागेत आणता येतोच. प्रश्न वायू परत येतो की नाही हा नाही. वायू परत आल्यावर बाहेरचे जगही जसेच्या तसे झाले का, की आपल्याला कोठेतरी पदरमोड करावी लागली, हा आहे.

जुन्या वाड्यातला माळा डोळ्यांसमोर आणा. माळ्यावर गव्हाचे पोते आहे, ते खाली आणायचे आहे. एक रीत अशी की पोते कडेवर आणून सोडून द्यावे. धप्पकन आवाज होतो, धूळ उडते, जमीन किंचित तापते, आणि काम संपते. दुसरी रीत अशी की तुळईला कप्पी लावावी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला जवळजवळ तेवढ्याच वजनाचे दुसरे पोते बांधावे, आणि मूठभर गव्हाच्या फरकाने एक खाली तर दुसरे वर जाऊ द्यावे. दोन्ही रीतींत पहिले पोते माळ्यावरून जमिनीवरच आले. त्याच्याकडे पाहून ते कोणत्या रीतीने उतरले हे कोणीही सांगू शकणार नाही. पण दुसऱ्या रीतीत एक पोते वर गेलेले आहे, आणि तेच पहिल्याला पुन्हा वर ओढू शकते. फक्त मूठभर गहू इकडचा तिकडे करावा लागतो. पहिल्या रीतीत मात्र पोते वर न्यायचे तर हमालच बोलवावा लागेल. व्युत्क्रमी आणि अव्युत्क्रमी यांच्यातील भेद एवढाच आहे, आणि तो पोत्यात शोधून सापडणार नाही. तो दोरीच्या दुसऱ्या टोकाला आहे.

आता वायूकडे वळू. एका उभ्या नळकांड्यात एक मोल वायू घ्या. तापमान २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्व्हिन. दाब दोन वातावरणांएवढा. जागा सुमारे १२.३ लिटर. नळकांडे पाण्याच्या मोठ्या हौदात उभे आहे, म्हणून वायू थंड होऊ लागला तर हौद उष्णता देऊन त्याचे तापमान टिकवतो. वर घट्ट बसणारा पण न घासणारा दट्ट्या आहे. बाहेरची हवा काढून टाकली आहे असे समजू, म्हणजे दट्ट्यावरचा सगळा भार वाळूच्या ढिगाचाच राहील. आता निम्मी वाळू हाताने एकदम बाजूला सारली. दट्ट्या उसळून वर गेला, दोनचार वेळा वरखाली होऊन स्थिरावला. वायू २४.६ लिटर झाला, दाब एक वातावरण. उरलेली निम्मी वाळू त्याने वर उचलली. हे कार्य भरते १२४७ ज्यूल. पन्नास किलोचे पोते अडीच मीटर उचलण्याइतके.

हाच खेळ निराळ्या रीतीने खेळू. वाळूचा एक कण काढा आणि शेजारच्या फळीवर त्याच उंचीवर ठेवा. दट्ट्या केसभर वर गेला. दुसरा कण काढा, तो केसभर वरच्या फळीवर. असे करीत निम्मी वाळू निघेपर्यंत चालू द्या. शेवटी वायू तेथेच पोहोचला, २४.६ लिटर आणि एक वातावरण. पण या वेळी बाजूला काढलेली वाळू तळाशी पडून नाही. ती फळ्याफळ्यांवर निरनिराळ्या उंचीवर बसली आहे. वायूने केलेले कार्य मोजले तर १७२९ ज्यूल, म्हणजे तेच पोते साडेतीन मीटर वर. आणि तिसरी रीत नातीच्या प्रश्नातली. पलीकडे काहीच नाही, ढकलायला दट्ट्या नाही, वाळू नाही. वायू नुसता धावत सुटला. कार्य शून्य.

येथे क्षणभर थांबून वायूकडे पाहावे. तिन्ही रीतींत तो ३०० केल्व्हिनवर, २४.६ लिटर जागेत, एक वातावरण दाबाने बसला आहे. तो निरागस चेहऱ्याने आपल्याकडे पाहतो. आपण कोणत्या वाटेने आलो हे त्याच्या अंगावर कोठेही लिहिलेले नाही.

परतीच्या वाटेवर मात्र हिशेब उघडा पडतो. कणाकणाच्या रीतीत प्रत्येक कण त्याच्या त्याच्या फळीवरून उचलून दट्ट्यावर ठेवीत गेलो की वायू पहिल्या जागी येतो, वाळू पहिल्या जागी येते, आणि हौदाने दिलेली उष्णता हौदात परत जाते. आपल्या पदरचा खर्च एका कणाला केसभर उचलण्याइतका, आणि कण जितका बारीक घ्यावा तितका तोही नगण्य. एकदम सारण्याच्या रीतीत मात्र काढलेली निम्मी वाळू खाली राहिली आणि दट्ट्या वर गेला. ती वाळू आता आपण स्वतः वर चढवायची, आणि हा खर्च १२४७ ज्यूल. वाळू वर ठेवताच दट्ट्या धाडकन खाली येतो. वायू पूर्ववत झाला, वाळू पूर्ववत झाली, पण आपण १२४७ ज्यूल खर्चून बसलो, आणि ते हौदात उष्णतेच्या रूपाने जिरले. रिकाम्या कप्प्यात सुटलेल्या वायूचे तर विचारूच नका. त्याला परत आणायला कमीत कमी १७२९ ज्यूल लागतात, कारण जाताना त्याने कोणाजवळ काहीही ठेव ठेवलेली नव्हती.

हा सारा विचार ज्याने प्रथम मांडला तो फ्रान्सचा सादी कार्नो. वडील लाझार कार्नो स्वतः गणिती आणि क्रांतिकाळातले मोठे पुरुष. त्यांनी मुलाचे नाव शिराझच्या सादी कवीवरून ठेवले होते. या मुलाने १८२४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, वाफेच्या यंत्रांवर एक लहानसे पुस्तक काढले. त्याचे म्हणणे असे की उष्ण आणि थंड वस्तू नुसत्या एकमेकींना टेकू देणे म्हणजे कार्य करण्याची संधी वाया घालवणे होय. उत्तम यंत्रात तापमान बदलावे ते वायू पसरल्यामुळे किंवा आवळल्यामुळेच बदलावे. पुस्तकाकडे त्या वेळी कोणी फारसे पाहिले नाही. १८३२ मध्ये तो पटकीने गेला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. दोन वर्षांनी क्लापेरॉनने त्याचे विचार गणिताच्या भाषेत मांडले, आणि मग कोठे टॉमसन व क्लाउझिउस यांच्यापर्यंत ते पोहोचले. कार्नोला उष्णता हा एक प्रकारचा द्रव पदार्थ आहे असे वाटत होते. तो समज चूक होता, पण परतीच्या वाटेविषयीचा त्याचा निष्कर्ष टिकला.

नातीच्या परीक्षेतला प्रयोग मात्र इंग्लंडमधला, ज्यूलचा. मद्य गाळण्याचा घरचा व्यवसाय सांभाळून हा गृहस्थ तापमापके घेऊन बसलेला असे. १८४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात त्याने तांब्याच्या दोन पात्रांचे वर्णन दिले आहे. एकात सुमारे बावीस वातावरणांच्या दाबाची हवा, दुसरे रिकामे, मधे तोटी, आणि दोन्ही पात्रे पाण्यात बुडवलेली. तोटी उघडली, हवा पसरली, आणि पाण्याच्या तापमानात बदल आढळला नाही. मग त्याने दोन्ही पात्रे वेगवेगळ्या पाण्यात ठेवून प्रयोग केला. ज्या पात्रातून हवा निघाली त्याचे पाणी थंड झाले, जिकडे शिरली तिकडचे जवळजवळ तितकेच तापले. मला ही दुसरी पायरी पहिलीपेक्षा अधिक आवडते. आत मोठी धामधूम झाली होती, मागची हवा पुढच्या हवेला ढकलीत होती. बेरीज मात्र शून्य होती. कार्य शून्य, उष्णता शून्य, तापमानात फरक नाही. त्याच्या पाण्याचा साठा हवेच्या मानाने फार मोठा होता, म्हणून खऱ्या हवेतला बारीकसा फरक त्यातून निसटला. १८५२ पासून त्याने टॉमसनच्या साहाय्याने हवा एका सच्छिद्र बोळ्यातून पाझरवून तो फरक पकडला. बहुतेक वायू किंचित थंड होतात. हायड्रोजन उलट तापतो. १८९५ मध्ये लिंडे यांनी हवा द्रव करण्याचा जो कारखानदारीचा मार्ग काढला तो याच किंचित थंडाव्यावर उभा आहे.

आता नातीच्या शून्याकडे येऊ. एन्ट्रॉपी म्हणजे उष्णता भागिले तापमान, हे वाक्य अपुरे आहे. क्लाउझिउसने १८६५ मध्ये एन्ट्रॉपी हे नाव दिले. पण त्याच्या व्याख्येत उष्णता या शब्दामागे एक विशेषण आहे, आणि घाईत तेच गळते. ती उष्णता व्युत्क्रमी वाटेने दिलेली हवी. वाट अव्युत्क्रमी असेल तर तिच्यावरची उष्णता मोजून भागाकार करणे म्हणजे पडलेल्या पोत्याच्या आवाजावरून माळ्याची उंची काढणे.

मग करायचे काय? एन्ट्रॉपी हा वायूच्या स्थितीचा गुण आहे, वाटेचा नाही. इंदूर आणि महू यांच्या उंचीतला फरक आगगाडीने गेलात म्हणून एक आणि मोटारीने गेलात म्हणून दुसरा येत नाही. तेव्हा वायू ज्या वाटेने खरोखर गेला ती सोडून द्यावी, आणि त्याच दोन ठिकाणांना जोडणारी एखादी व्युत्क्रमी वाट स्वतः आखून तिच्यावर मोजमाप करावे. अशी वाट आपल्याजवळ तयारच आहे. वाळूच्या कणांची. त्या वाटेवर वायूचे तापमान बदलले नाही, म्हणून आदर्श वायूची आंतरिक ऊर्जाही बदलली नाही. अर्थात त्याने जेवढे कार्य केले तेवढी उष्णता हौदाकडून घेतली. १७२९ ज्यूल. भागिले ३००, म्हणजे ५.७६ ज्यूल प्रति केल्व्हिन. शिक्षकांनी तांबड्या शाईने लिहिलेला आकडा हाच. त्यांचे उत्तर बरोबर होते. हे दोन वाक्यांचे कारण तेवढे द्यायचे राहिले.

तिन्ही रीतींत वायूच्या एन्ट्रॉपीतील वाढ ५.७६ हीच आहे, कारण सुरुवात आणि शेवट तेच आहेत. फरक पडतो तो हौदाच्या खात्यात. कणाकणाच्या रीतीत हौदाने १७२९ ज्यूल दिले, त्याची एन्ट्रॉपी तितक्याच ५.७६ ने घटली, आणि एकूण बेरीज शून्य. निम्मी वाळू एकदम सारली तेव्हा हौदाने १२४७ च ज्यूल दिले, त्याची घट ४.१६, आणि जगाच्या खात्यावर १.६१ ची निव्वळ वाढ. मोकळ्या सुटलेल्या वायूच्या वेळी बाहेरच्याने काहीच दिले-घेतले नाही, म्हणून सगळेच्या सगळे ५.७६ शिल्लक राहिले. कोणती क्रिया व्युत्क्रमी आणि कोणती नाही हे ओळखण्याची पक्की कसोटी हीच: वायू आणि भोवताल दोघांच्या वह्या एकत्र ठेवून बेरीज करावी. एकट्या वायूची वही पाहून काही कळत नाही.

ज्यांना वह्या आवडत नाहीत त्यांनी रेणूंकडे पाहावे. मधली झडप उघडी असताना एकेक रेणू डाव्या कप्प्यात असेल किंवा उजव्या, दोन्ही शक्यता सारख्या. दहाच रेणू असते तर ते सगळे पुन्हा डावीकडे सापडण्याची शक्यता १०२४ त एक. एका मोलात रेणूंची संख्या ६ वर तेवीस शून्ये एवढी असते. बोल्ट्झमनच्या सूत्राने या शक्यतांवरून एन्ट्रॉपी काढली तरीही ५.७६ च येते. वाळू, हौद, दट्ट्या यांपैकी कशाचाही उल्लेख न करता.

आता एक कबुली. ती दिल्याशिवाय हे पान पुरे होणार नाही.

मी महाविद्यालयात हा विषय शिकवीत असे तेव्हा फळ्यावर एक सोपे वाक्य लिहीत असे: सावकाश चालणारी क्रिया व्युत्क्रमी, झपाट्याने होणारी अव्युत्क्रमी. मुलांना ते पाठ करायला बरे पडे आणि मला तपासायला. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने उभे राहून विचारले, “सर, माझ्या सायकलला बारीक पंक्चर आहे. संध्याकाळी हवा भरली तर चाक रात्रभर हळूहळू बसते, सकाळी पूर्ण सपाट. इतके सावकाश काही होत नसेल. मग हे व्युत्क्रमी का?” वर्ग हसला. मीही हसलो, आणि म्हणालो, “पंक्चर काढून घे, प्रश्न सुटेल.” वर्ग आणखी हसला. मुलगा खाली बसला. त्यानंतर त्या वर्गात त्याने पुन्हा प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही. रात्री घरी मी स्वतःच्या सायकलकडे बघत बसलो होतो तेव्हा ध्यानात आले की माझे फळ्यावरचे वाक्य चूक होते. दुसऱ्या दिवशी वर्गात तसे सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. पुढच्या वर्षापासून वाक्य तेवढे गुपचूप बदलले.

त्या मुलाचे म्हणणे सोळा आणे खरे होते. ट्यूबच्या आत दाब अधिक, बाहेर कमी, आणि त्या दोहोंच्या मधे छिद्राशिवाय काही नाही. आतला जोर झेलणारा, त्याच्याशी जवळजवळ तुल्यबळ असा कोणी बाहेर उभा नाही. छिद्र बारीक म्हणून वेळ लागतो, एवढेच. ज्यूल आणि टॉमसन यांचा सच्छिद्र बोळाही असाच. हवा त्यातून शांतपणे पाझरते, तरी ती क्रिया पूर्ण अव्युत्क्रमी. सावकाशपणा लागतो हे खरे, पण तो पुरेसा नाही. प्रत्येक पावलाला आतल्या दाबाइतकाच, रेसभर कमी, विरोध समोरून हवा, आणि त्या विरोधात झालेले कार्य कोठेतरी जमा व्हायला हवे. घर्षणही नको. घासणारा दट्ट्या कितीही हळू सरकला तरी त्याचा काही भाग उष्णतेतच जातो.

उलट बाजूही पाहण्याजोगी आहे. तंबोऱ्याची तार छेडली की शेजारची हवा सेकंदाला शेकडो वेळा आवळते आणि पसरते. याला सावकाश कोण म्हणेल? तरीही ध्वनीच्या लहरीतील ही आवळ-पसर व्युत्क्रमी क्रियेच्या फार जवळ असते. म्हणून तर सूर खोलीभर पोहोचतो. हवेचे रेणू सेकंदाला काहीशे मीटर वेगाने धावत असतात, आणि दाबाची बातमी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने पसरते. या वेगांच्या मानाने तारेची हालचाल मुंगीची. सावकाश हा शब्द घड्याळाशी नव्हे, या बातमीच्या वेगाशी ताडून पाहायचा असतो. न्यूटनने १६८७ च्या ग्रंथात ध्वनीचा वेग काढला तेव्हा हवेचे तापमान लहरीत बदलत नाही असे नकळत धरले, आणि उत्तर सुमारे १५ टक्के कमी आले. आवळलेली हवा तापते आणि पसरलेली निवते, उष्णतेला शेजारी जायला सवडच मिळत नाही, हे लाप्लासने १८१६ मध्ये दाखवले आणि हिशेब जुळला. तेव्हा उष्णतेची देवघेव नाही एवढ्यावरूनही काही ठरत नाही. ध्वनीच्या लहरीत ती नाही आणि ज्यूलच्या दोन पात्रांतही बाहेरून ती नाही. एक क्रिया जवळजवळ व्युत्क्रमी, दुसरी मुळीच नाही.

परीक्षेच्या दृष्टीने नातीला एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. प्रश्नपत्रिकेत ‘स्थिर बाह्य दाबाविरुद्ध’, ‘निर्वातात’, ‘एकाएकी’, ‘झडप उघडली’ असे शब्द आले की वाट अव्युत्क्रमी समजावी, आणि कार्य काढताना वायूचा नव्हे, बाहेरचा दाब घ्यावा. दाब आणि आकारमान यांना जोडणारे जे सूत्र पुस्तकात उष्णतारोधक प्रसरणासाठी दिलेले असते, आकारमानाला घातांक लावलेले, ते फक्त व्युत्क्रमी वाटेवर चालते. ज्यूलच्या पात्रांना ते लावले तर हवा खूप थंड झाल्याचे उत्तर येईल, आणि ज्यूलने तर पाण्यात तापमापक घालून पाहिले होते. पूर्णपणे व्युत्क्रमी असे जगात काही घडत नाही. वाळूचे कण अनंत आणि वेळही अनंत हवा. ज्या यंत्राने अशा रीतीने काम केले ते एक पोतेही वेळेवर उचलणार नाही. ती एक सीमा आहे, आणि मोजमापासाठी ती लागतेच.

आता मुली, खास तुझ्यासाठी एक उदाहरण, ज्यात तुझे शून्य बरोबर आहे. तोच एक मोल वायू, पण हवेसारखा द्विअणुक; ३०० केल्व्हिन, १२.३ लिटर. या वेळी नळकांड्याभोवती हौद नाही, उष्णता रोखणारे जाड वेष्टण आहे. दट्ट्यावरची वाळू कणाकणाने काढायची आणि वायू दुप्पट होऊ द्यायचा. येथे वाट व्युत्क्रमी आहे आणि उष्णता शून्य आहे, म्हणून एन्ट्रॉपीतील बदल बिनदिक्कत शून्य लिही. उष्णता कोणी देत नसल्यामुळे कार्य वायूच्या स्वतःच्या ऊर्जेतून होते, आणि तापमान सुमारे २२७ केल्व्हिनपर्यंत उतरते, म्हणजे शून्याखाली ४६ अंश. कार्य सुमारे १५१० ज्यूल. आता वेष्टण काढ, दट्ट्या जागीच पक्का कर, आणि वायू हळूहळू ३०० केल्व्हिनपर्यंत तापू दे. या दुसऱ्या टप्प्यातील एन्ट्रॉपीची वाढ तू स्वतः काढ. स्थिर आकारमानाची मोलर उष्माधारकता २०.७९ घे आणि तिला ३०० भागिले २२७.४ याच्या नैसर्गिक लॉगरिथमने गुण. वायू आता कोठे येऊन पोहोचला ते नीट पाहा. उत्तर किती आले ते आजीबाईंकरवी कळव. तांबड्या शाईतील आकडा शेजारी ठेवून मगच पत्र टाक.

पंक्चरवाला तो विद्यार्थी हे मासिक वाचत असेल तर त्यानेही कळवावे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास मला फार उशीर झाला आहे.